एका गाडीला एकच किल्ली

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे. लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा हा शब्द माझ्या तोंडी बसायचा नाही. कशाचे मालक? भाड्याच्या दोन खोल्या आणि एक सायकल. पुढे मालकांनी एक जुनी व्हॅन घेतली, शाळेच्या पोरांची ने-आण सुरू केली, आणि मग मलाही म्हणायला बरं वाटू लागलं. निदान व्हॅनचे तरी मालक झाले, असं मी चारचौघांत म्हणायचे आणि ते मान खाली घालून हसायचे.

त्या व्हॅनला किल्ली एकच होती. दारं तिनंच उघडायची, गाडी तिनंच चालू व्हायची. जोडीची दुसरी किल्ली आधीच्या माणसानं कुठंतरी हरवली होती. मी कितीदा म्हटलं, एक करून ठेवा, हरवली तर रस्त्यात बोंबलत बसाल. "एका गाडीला एकच किल्ली," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लोकांची पोरं बसतात त्या गाडीत, तिची किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती पडताच कामा नये, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला हा निव्वळ हेकटपणा वाटायचा, दुसरी किल्ली करायला जायचा आळस.

पोरांच्या बाबतीत हा माणूस जरा वेडाच होता. पोरं चढली की सगळी दारं आतून लावायची आणि एकेक ओढून बघायचं. पोराला घरासमोर उतरवलं तरी गाडी हलवायची नाही. पोर आत जाणार, आतून कुणीतरी हात करणार, दार लागणार, मग ह्यांचा गिअर पडणार. पेठेतले बोळ केवढे ते सगळ्यांना माहीत आहे. मागं गाड्यांची रांग लागायची, लोक आईवरनं शिव्या घालायचे, हे ढिम्म. "घरात गेल्यालं बघिटल्याबिगर मला हलता येत न्हाय," म्हणायचे. पोरं त्यांना मामा म्हणायची. मोठी होऊन कॉलेजात गेलेल्या मुलीसुद्धा रस्त्यात दिसल्या की "मामाऽ" म्हणून ओरडायच्या आणि मालक दिवसभर त्याच गोष्टीवर खूश असायचे.

त्यांना अर्धांगाचा झटका आला तो गाडीतच. दुपारची शेवटची मुलगी तिच्या घरात गेलेली बघून ते रंकाळा तलावाच्या बाजूनं परत येत होते. उजवा हात स्टिअरिंगवरून आपोआप खाली पडला. त्यांनी डाव्या हातानं गाडी कडेला घेतली, थांबवली आणि बंद केली. हे कसं जमलं ते एक देवाला ठाऊक. पण सवयीनं दारं सगळी आतून लावलेली. लोक जमले, काचेवर थापा मारू लागले, आणि हे आतून नुसते बघत राहिले. काच फोडली तर तोंडावर उडेल म्हणून कुणा पंक्चरवाल्यानं पान्हा आणि हातोडी आणून दाराचं लॉक फोडलं आणि त्यांना बाहेर काढलं. त्या माणसाला मी कधी भेटले नाही. भेटला असता तर पाया पडले असते.

दवाखान्यातून घरी आणल्यावर बोलणं हळूहळू परत आलं. पाय ओढत का होईना, चालायलाही लागले. हात मात्र आला नाही. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी रबरी चेंडू दिला, रंगीत खुंट्या लावलेला एक पाट दिला. मालकांनी तो पाट भिंतीकडे ढकलून दिला. "मी काय बालवाडीत हाय व्हय?" बाई म्हणाल्या, बरं, मग कुलपात किल्ली घालून फिरवायचा सराव करा, बोटांना तोही चांगला. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"माझी किल्ली आण," ते मला म्हणाले. "ह्या हातानं गाडीचं दार उघडलं की समदं झालं. त्या दिवशी पोरांच्या आईबापांस्नी फोन लाव. सांग, मामा येतोय म्हणावं."

दार उघडता आलं म्हणजे गाडी चालवता येत नाही, हे मलाही कळत होतं. पण अंथरुणावरच्या माणसाला काहीतरी हवं असतं आणि त्यांना एवढंच हवं होतं. मी किल्ली आणून त्यांच्या हातात ठेवली. ती खाली पडली. मी उचलून परत ठेवली.

अडचण अशी की किल्ली होती, पण त्यांच्या बाजूच्या दाराचं लॉक कुठं होतं? दाराला भोकच उरलं होतं. गॅरेजवाल्यानं नवीन लॉक आणून बसवलं, त्याच्यासोबत त्याची स्वतःची चकचकीत किल्ली आली. म्हणजे दाराला एक आणि गाडी चालू करायला दुसरी. मालकांनी त्या नव्या किल्लीला हात लावला नाही. "ही माझी न्हाय," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला असा राग आला! एवढं करून नखरे वर. मग माझाच राग मला लागला, आणि गॅरेजवाल्याकडून नवीन लॉक परत उतरवून घेतलं. ते, फोडलेलं जुनं लॉक आणि मालकांची किल्ली पिशवीत घालून मी किल्लीवाल्याकडे गेले.

पापाची तिकटीच्या चौकापासून थोडं आत एका बोळात त्याची टपरी आहे. माणूस भयंकर बोलका. हात चालतात त्याच्या दुप्पट तोंड. त्यानं नवीन लॉक खोललं आणि फडक्यावर बारक्या पितळी पत्त्या मांडल्या, नखाएवढ्या. त्यांच्या स्प्रिंगा तर केसासारख्या, शिंकलं तर उडून जातील अशा. मी ब्लाउज शिवते, हुक-काजाचं काम मला रोजचं, तरी ते बघून माझा श्वास अडकला. त्यानं सांगितलं की किल्लीला जे दाते असतात त्यांच्या उंचीप्रमाणे आत पत्त्या बसवायच्या. बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या पत्त्या एका रेषेत येतात आणि लॉक फिरतं. एक जरी वर राहिली तरी अडतं.

"ह्यांची किल्ली लय झिजलीया वहिनी," तो म्हणाला. "नवी कापून देतो की दुकानातल्यासारखी. कशाला ह्या म्हातारीसाठी लॉक घासायचं?"

"किल्लीला हात लावायचा न्हाय," मी म्हटलं. "लॉक तिच्यासारखं करा."

लोक लॉकाप्रमाणे किल्ली करून घेतात, मी किल्लीप्रमाणे लॉक करून मागत होते. त्याला गंमत वाटली. पण कारण सांगितल्यावर तो गप्प बसून कामाला लागला. जुन्या लॉकमधल्या ज्या पत्त्या वाकल्या नव्हत्या त्या काढून नव्यात घातल्या, बाकीच्या कानशीनं घासून किल्लीशी जुळवल्या. मध्येच किल्ली घालून बघायची, परत काढायची, परत घासायचं. शेवटी किल्ली फिरली तेव्हा टपरीबाहेर उभ्या उभ्या मी आपसूक हात जोडले.

मग आमचं सकाळचं एक कामच होऊन गेलं. चहा झाला की मी त्यांना पायरी उतरवून घरासमोर लावलेल्या व्हॅनपाशी न्यायची. अंगठा आणि बोट यांच्यात किल्ली अडकवायची. सुरुवातीला ती लॉकपर्यंत पोचायचीच नाही, गाडीच्या पत्र्यावर ओरखडे उठायचे. मग पोचायला लागली. मग अर्धी आत जायला लागली. एके दिवशी पुरती आत गेली, तेव्हा मी गल्लीत सगळ्यांना साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली. पण फिरेना. मनगटाला घाम यायचा, ओठ वाकडा व्हायचा, किल्ली तिथल्या तिथं. डाव्या हातानं एका क्षणात उघडलं असतं. मी एकदा सुचवलं, तर असं बघितलं माझ्याकडे की परत कधी बोलले नाही.

आमची मुलगी कबनूरला दिली आहे, जावयाचे कापडाचे माग आहेत. ती दर रविवारी स्कूटरवरून यायची आणि मला स्वयंपाकघरात घेऊन सांगायची, "आई, गाडी विकून टाक. बाबांना रोज रोज तेच बघून तरास हुतोय." तिचं खोटं नव्हतं. गाडीसाठी आलेली गिऱ्हाइकं मी दारातूनच परत लावत होते. आणि मालक दिवसेंदिवस आटत चालले होते. जेवण निम्म्यावर आलं. मग एका सकाळी मी हात पुढे केला तर ते भिंतीकडे वळले. "आज नगं," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. मला भीती वाटली. हा माणूस आता आतून दार लावून घेणार, असं मला स्पष्ट दिसलं.

गॅरेजवाल्याकडून लॉक उतरवून घेऊन मी परत टपरीवर गेले. ह्या वेळी विचारायला नाही, सांगायला. "लॉक सैल करा. दुबळ्या हातानं फिरलं पाहिजे."

किल्लीवाला म्हणाला, "एक इलाज हाय. पत्त्या काढायच्या. दोनच ठिवतो, लोण्यागत फिरंल. पण वहिनी, मग त्येला लॉक म्हणायचं न्हाय. आत शिरंल ती किल्ली चालंल. गाडीची बी आन गल्लीतली बी."

"काढा," मी म्हटलं.

त्यानं काढलेल्या पत्त्या आणि स्प्रिंगा कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. मी त्या घरी येऊन बटणांच्या डब्यात तळाला ठेवल्या. मालकांना आधीच सांगितलं होतं, लॉकला तेल घालून आणते. तेल तर घातलंच होतं, तेवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. किल्ली आत गेली. त्यांनी नेहमीसारखे दात आवळले, आणि किल्ली फिरली. खट् असा आवाज झाला. मालकांनी आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग दार उघडून परत लावलं, परत उघडलं. लहान पोरासारखे रडले. समोरच्या वहिनी पोळपाट तसाच टाकून बाहेर आल्या. मीही रडले, आणि माझं रडणं काही खोटं नव्हतं. कुणी म्हणेल बाईनं नवऱ्याला फसवलं. म्हणू दे. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, तांबडा रस्सा मागून घेतला. मला परत तशी वेळ आली तर मी परत तेच करेन.

पण ठरल्याप्रमाणे त्यांनी संध्याकाळी सांगितलं, "लाव फोन."

मी म्हटलं, दिवाळीची सुट्टी संपू दे. सुट्टी संपली तेव्हा म्हटलं, पोरांची परीक्षा आहे, मध्येच कशाला गाडी बदलायला लावायची. ते ऐकायचे आणि रोज दार उघडायचे. आपल्या सीटवर बसायचे, आरसा पुसायचे. कुठलं पोर कुठं बसवायचं ते मला सांगायचे. त्यांना वाटत होतं हात परत येतोय, आता फक्त दिवसांचाच प्रश्न आहे. मशीनवर बसून मी हे ऐकायची आणि माझी शिवण वाकडी जायची. त्यांना आनंदात बघणं इतकं अवघड असेल, असं मला वाटलं नव्हतं.

एका रविवारी मुलगी आली. तिनं तिची स्कूटरची किल्ली कट्ट्यावर मालकांच्या किल्लीशेजारी टाकली आणि ती आत माझ्याकडे आली. थोड्या वेळानं मी बाहेर आले तर मालक व्हॅनपाशी उभे. दार उघडं होतं. ते हातातल्या किल्लीकडे बघत होते. त्या किल्लीला तांबडा गोंडा होता, मुलीनं जोतिबाच्या यात्रेत घेतलेला. त्यांच्या बोटांना किल्ली-किल्लीतला फरक कळत नव्हता. हाताला लागली ती उचलून त्यांनी दार उघडलं होतं.

मला बघून त्यांनी दार लावलं, त्याच तांबड्या गोंड्याच्या किल्लीनं बंद केलं आणि परत उघडलं. मला दाखवायला.

"किती पत्त्या काढल्यास?" त्यांनी विचारलं.

"दोनच ऱ्हायल्यात."

"कवा?"

"त्या दिवशी तेल घालाय नेलं तवा." आणि मग मला राहवलं नाही. "तुमी भिताडाकडं तोंड करून निजायला लागला हुता! मी काय करायचं हुतं? बघत बसायचं हुतं?"

मला वाटलं ते ओरडतील. किल्ली फेकतील. ते कट्ट्यावर टेकले आणि त्यांनी उजवा हात डाव्या हातात घेतला. मग म्हणाले, "माझ्या हाताचं मला कळत हुतं गं. पयल्या दिवशी न्हाय कळलं. नंतर वाटायचं, एवढं हलकं कसं काय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तू लय खूश हुतीस की."

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. ती तोंडाला पदर लावून आत गेली.

"पत्त्या कुठं हायत?" मालकांनी विचारलं.

"बटणांच्या डब्यात."

"परत घालून आण. पोरं बसत्यात त्यात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कुठली पोरं बसत्यात?" बोलले आणि जीभ तोडून टाकावीशी वाटली.

ते व्हॅनकडे बघत होते. "आता न्हाय बसत," म्हणाले. "पर जेच्याकडं जाईल तेच्याकडं बसतील की. फसव्या लॉकाची गाडी कुणाच्या गळ्यात मारू नगं." गाडी विकायची, हे त्यांनी असं सांगितलं. मी इतके दिवस जो विषय काढायला घाबरत होते, तो त्यांनी एका वाक्यात संपवला, आणि मला वाटलं, नको, नकोच संपवायला होता.

त्याच दुपारी लॉक पुरं करायला तेही माझ्याबरोबर रिक्षातून आले. टपरीसमोरच्या स्टुलावर बसून डावा हात पसरून त्यांनी ती पुडी किल्लीवाल्यापुढे धरली. तो एकेक पत्ती चिमट्यानं उचलत होता. त्यानं आधी पावसाचा विषय काढला, मग महागाईचा. मालकांचं लक्ष पत्त्यांवरच होतं. सगळ्या पत्त्या बसल्यावर त्यानं त्यांची किल्ली घालून फिरवून दाखवली. मग मुलीकडून मुद्दाम मागून आणलेली तांबड्या गोंड्याची किल्ली मालकांनी त्याच्या हातात दिली. ती अडली. मालकांनी स्वतः हलवून बघितली आणि मान डोलावली.

गिऱ्हाईक चंदगडकडचं आलं. तरुण माणूस, वाड्यावस्त्यांवरची पोरं पावसात चालत शाळेला जातात, त्यांच्यासाठी त्याला गाडी हवी होती. हे ऐकून मालकांचा चेहरा जरा सैल झाला. पैशाचं बोलणं माझ्यावर सोडून ते त्याला गाडी दाखवत फिरले. दारं आतून कशी लावायची, मागच्या सीटवरचा पट्टा कुठं अडकतो, सगळं सांगितलं. "पोरगं घरात गेल्याबिगर गाडी हलवायची न्हाय बघा पावणं. मागचा शिव्या देऊ दे." तो म्हणाला, "आमच्याकडं मागं म्हशी असत्यात मामा, त्या शिव्या देत न्हाईत." मालक हसले. त्यानं आपणहून त्यांना मामा म्हटलं होतं.

मग त्यांनी किल्ली उजव्या हातात धरली. मी अडकवून दिली नव्हती, त्यांची त्यांनीच धरली होती. लॉकमध्ये घातली, पुरती आत गेली. मी मनात जेवढे देव येतील तेवढ्यांना हाक मारली. मनगट थरथरलं. फिरली नाही. त्यांनी अजून एकदा जोर लावला आणि मग हात काढून घेतला. "तुमी फिरवा," ते त्या माणसाला म्हणाले. त्यानं फिरवली, दार उघडलं. "हां," मालक म्हणाले, "आता बरोबर हाय. एका गाडीला एकच किल्ली. दुसरी करू नगा."

व्हॅन गल्लीच्या कोपऱ्यावरून वळली. मी म्हटलं, आत चला, ऊन लागतंय. ते पायरीवरच बसले. जेवायला बोलावलं, आले नाहीत. ताट बाहेर आणलं तर दोन घास खाल्ले आणि नजर रस्त्यावर. चंदगड म्हणजे काही जवळ नाही, वाटेत घाट. ऊन कट्ट्यावरून सरकून समोरच्या भिंतीवर गेलं. मी त्यांच्यावर चिडले, मग चिडायचं सोडून त्यांच्याजवळच ब्लाउजला हुक लावत बसले. ते कशाची वाट बघतायत ते मला फोन वाजल्यावर कळलं.

फोन त्या तरुण माणसाचा होता. मालकांनी त्याला पोचल्यावर कळवायला सांगितलं होतं, माझ्या नकळत. "पोचली गाडी घरात," मी त्यांना सांगितलं.

"दार लावलं का इचार."

मी विचारलं. "लावलं म्हणतोय. किल्ली एका दमात फिरली म्हणतोय."

त्यांनी सगळं अंग सैल सोडलं, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "चल, जाऊ आत." उठवायला त्यांनी हात पुढे केला, सवयीनं उजवाच. त्याला माझा हात धरता येत नव्हता, म्हणून मीच तो घट्ट धरला.